नानांचा आंबा आणि माझं ऊन

शेजाऱ्याच्या झाडाबद्दल तक्रारच करायची असेल, तर ते झाड निदान सुबाभूळ तरी असावं. निलगिरीही चालेल. आंब्याविरुद्ध बोलायची सोय नाही. मी कुणाला सांगायला जावं, "शेजारच्या आंब्यानं माझी बाग मारली हो," तर समोरचा विचारतो, "हापूस का?" माझ्या गुलाबांची कर्मकहाणी तिथेच संपते.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. दक्षिणेला नानांचा बंगला, मध्ये छातीएवढी भिंत आणि भिंतीला खेटून नानांचा आंबा. मी चौथीत होतो, तेव्हा रत्नागिरीहून आलेल्या पेटीतल्या एका हापूसची कोय नानांनी तिथे पुरली. हापूस कोयीतून येत नाही, त्याला कलमच लागतं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नाना पडले घाटावरचे. झाड निघालं रायवळ. एक आंबा खाल्ला की दुपारभर दातांतले दोरे काढत बसायचं. नाना आजही त्याला हापूसच म्हणतात. "माती वेगळी ना इथली, म्हणून जरा दोरा धरलाय."

तर हे झाड आता चाळीस फुटांचं झालंय. त्याच्या सावलीचा मी जेवढा अभ्यास केला, तेवढा शाळेत भूगोलाचा केला असता तर मास्तरांचे हात दुखले नसते. सूर्य मार्गशीर्षात दक्षिणेला कलतो. सांगलीत तेव्हा भर दुपारीही तो जेमतेम पन्नास अंशांवर असतो. म्हणजे चाळीस फुटांच्या झाडाची सावली साधारण चौतीस फूट, थेट उत्तरेला. उत्तरेला मी. माझी बाग वीस फुटांची. उरलेली चौदा फूट सावली आमच्या स्वयंपाकघरात. गुलाबाला रोज सहा तास ऊन लागतं, शेवंतीलाही तसंच, आणि दोघांच्या बहराच्या दिवसांत माझ्या बागेत संध्याकाळ असते. उलट मेच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर येतो, सावली गोळा होऊन झाडाच्या बुडाशी जाते आणि तिथे आरामखुर्ची टाकून नाना पेपर वाचतात. थंडीत सावली माझी, उन्हाळ्यात नानांची. अशी वाटणी भाऊबंदकीतसुद्धा होत नाही.

फक्त एक फांदी भिंत ओलांडून आमच्या कोपऱ्यावर बारमाही पसरलेली.

बरं, नाना कधी नाही म्हणत नाहीत. साठीचा मी, पण माझ्या सुनेसमोरही त्यांना मी 'बाळ'च. "छाटू की रे बाळ. पण आत्ता?" जानेवारीत मोहोर असतो. मोहोराला कोण हात लावतं? मार्चात कैऱ्या धरलेल्या असतात. मेमध्ये आढी. फळं उतरल्यावर छाटणी करावी, असं जाणते सांगतात, म्हणून मी जूनवर डोळा ठेवून असतो. नेमका पाऊस लागतो आणि झाडावर चढणारा गडी बुंधा निसरडा झालाय म्हणून परत जातो. मग तांबूस पालवी फुटते. "पोरगी नटून बसलीय आणि तू कात्री लावतोस?" पुढे पितृपक्ष. मग दसऱ्याच्या तोरणाला डहाळे लागतात. त्यानंतर छाटलं तर येणारा मोहोर बुडतो. आणि मोहोर आला की वर्ष पहिल्यापासून सुरू.

शेवटी एका वकील मित्राला गाठलं. तो म्हणाला, १८८२चा सुविधाधिकार कायदा आहे; वीस वर्षं विनातक्रार मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो. मी खुर्चीत पुढे सरकलो. "पण तो इमारतीला. मोकळ्या जमिनीला नाही." म्हणजे माझ्या गुलाबानं चार भिंती बांधून खिडकी काढली असती, तर त्याला ऊन मागता आलं असतं. निदान आपल्या हद्दीत आलेली फांदी तरी? त्यावर त्यानं १९७५चा झाडांचा कायदा काढला. शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि त्या कायद्याच्या लेखी 'तोडणं' म्हणजे जाळणं, कापणं, झाडाला कुठलीही इजा करणं. मी त्या झाडाकडे वीस वर्षं ज्या नजरेनं बघतोय, ती यात बसते का, हे मी विचारलं नाही.

ही बातमी नानांपर्यंत कशी गेली कोण जाणे. (आमच्या घरातून गेली. दर मेमध्ये भिंतीवरून करंडीभर आंबे येतात आणि त्यांचा साखरांबा होतो. तेव्हा घरातली फितुरी उघड आहे.) दुसऱ्या दिवशी नानांनी हाक मारली. "बाळ, २०२१मध्ये कायदा बदललाय बरं का. पन्नास वर्षांचं झाड आता हेरिटेज!" मी साठ वर्षांचा, मला अजून कुणी तसं म्हटलेलं नाही.

मी हरलो. गुलाब बहिणीकडे पाठवले. हळदीच्या पेठेत जन्म काढूनही कधी हळद लावली नव्हती, ती लावली. आंब्याखाली ती मजेत येते. आलं लावलं. त्या फांदीखालच्या कोपऱ्यात अळू लावला, आणि तो असा माजला की गल्लीतल्या चार घरी माझ्या पानांच्या वड्या होऊ लागल्या. लोक मला बागेतलं विचारू लागले. मी दाढी कुरवाळत सांगायचो, "सावली सांभाळावी लागते."

या एप्रिलात वळीव आला. रात्री अंगणात काहीतरी कडाडलं. सकाळी बघतो तर ती फांदी माझ्या बाजूला आडवी. नानांनी भिंतीवरून कैऱ्या मोजून घेतल्या, एकशे बारा; लाकूड उदार मनानं मला दिलं. आणि कोपऱ्यात ऊन पडलं होतं. लखलखीत, सकाळपासून. मी तिथे हात धरून उभा राहिलो.

चार दिवसांत अळूच्या कडा करपल्या. आठवड्यानं देठ माना टाकून बसले. रविवारी बाजारातून हिरवी शेडनेट आणली आणि चार बांबू रोवून ताणायला घेतली. एक टोक बांधलं की दुसरं सुटायचं. नाना भिंतीवर कोपर टेकून बराच वेळ बघत होते.

"कितीला पडली रे जाळी?"

मी आकडा सांगितला. नानांनी मान वर करून तुटलेल्या फांदीच्या खुंटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते टोक दे इकडे," ते म्हणाले. "बुंध्याला बांधतो."