पाच अधिक सात सत्तावन्न

सबमिशनचा आठवडा आला की नागपुरात बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत इंजिनिअरिंगच्या पोरांची गर्दी उसळते. हार्ड बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, प्रतींवर प्रती. व्हायवात परीक्षक पानं उलटतात, सही करतात आणि रिपोर्ट कपाटात जातो. तो पुन्हा कुणी उघडत नाही. एवढं लिखाण वाया जावं याची मला चीड येते, कारण हीच पोरं जगाला लागणारं लिखाण करू शकतात: सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या. पहिल्या वर्षाचं पोरगं बेरजेचा प्रोग्राम लिहितं. 5 टाकतं, 7 टाकतं, उत्तर येतं 57. इनपुट फंक्शननं घेतलेलं सगळं स्ट्रिंग म्हणून हाती येतं आणि दोन स्ट्रिंगांत अधिकचं चिन्ह घातलं की त्या एकमेकींना चिकटतात. अधिकृत डॉक्युमेंटेशनात इनपुटच्या नोंदीत स्ट्रिंगचा उल्लेख आहे. पण उदाहरण आहे ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेचं नाव टाइप करण्याचं. आकडा हवा तर इंट लावा, हे दाखवणारं उदाहरण ट्युटोरियलमध्ये, म्हणजे दुसऱ्याच पानावर. मुरलेल्या प्रोग्रामरला ही उणीव दिसत नाही. कालच अडखळलेल्याला लगेच दिसते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं हे ओळखलं: धड्याची संहिता रेकॉर्डिंगआधी नवख्याकडून तपासून घेणं ही तिथली ठरलेली पायरी आहे. ते धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

पायथॉनचं डॉक्युमेंटेशन साध्या मजकुराच्या फायलींत, कोडच्याच शेजारी ठेवलेलं असतं. दुरुस्ती कुणीही पाठवावी. तपासणारा विचारतो, हा बदल कशासाठी? वाक्य पुन्हा लिहायला लावतो. खरी व्हायवा ती.

मराठीचं कामही समोरच पडलंय. डॉक्युमेंटेशनच्या भाषांतरांची रीत पायथॉनच्या 2017 च्या पेप 545 या प्रस्तावानं घालून दिली. जपानी, फ्रेंच, कोरियन आधी आल्या. ट्युटोरियल, बिल्ट-इन फंक्शन्सचं पान आणि चुका कळवण्याचं पान, एवढं पूर्ण झालं की भाषेला मुख्य यादीत जागा मिळू शकते. ट्युटोरियलची प्रकरणं सोळा. एका वर्गानं मनावर घेतलं तर जमण्यासारखं आहे. 2021 पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकायची मुभा आहे. त्या पोरांना अडल्यावर उघडायला मराठी पान नको?

म्हणून अभ्यास मंडळानं सेशनलच्या गुणांत डॉक्युमेंटेशनची दुरुस्ती धरावी. मात्र एक इशारा आत्ताच देतो. मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना बदल पाठवण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या मोहिमेत 2020 मध्ये फुकटच्या टी-शर्टपायी निरर्थक बदलांचा पूर आला, प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले, आणि त्या पुरात आपल्या देशातली पोरं पुष्कळ होती. गुणांपायी नागपुरातून तसलाच कचरा गेला तर पुढच्या बॅचला दारात कुणी उभं करणार नाही. तेव्हा पाठवल्याचे गुण शून्य. बदल आधी गाइड सरांनी वाचायचा, वर्गातल्या दुसऱ्या नवख्यानं वाचून समजला की नाही ते सांगायचं, मगच तो बाहेर पाठवायचा. गुण द्यायचे ते तपासणाऱ्याच्या प्रश्नांना पोरानं काय उत्तरं दिली ती वाचून. आणि हार्ड बाइंडिंगची सक्ती याच सत्रापासून काढून टाका.