तीस मिलीचा कोर्स

‘कुणाकडे ते गुलाबी सिरप उरलंय का? विहानचं नाक कालपासून वाहतंय.’ सोसायटीच्या ग्रुपवर हा निरोप पडला आणि चहा गाळून होईस्तोवर बी विंगमधून एक, डी विंगमधून दोन अशा बाटल्या हजर झाल्या. मागे पाणी आलं नव्हतं तेव्हा एक बादली मागितली तर सगळे बाहेरगावी गेले होते. अँटिबायोटिकच्या बाबतीत मात्र आमची सोसायटी कर्णाच्या वंशातली.

तिन्ही बाटल्या अर्ध्या होत्या. अर्ध्याच असतात. फ्रिजच्या दारात, सॉस आणि शेजवान चटणीच्या मधे, ही अर्धी बाटली प्रत्येक सुखवस्तू घरात उभी असते. ती जन्माला कशी येते ते पाहा. डॉक्टर लिहितात, पाच मिली, दिवसातून दोनदा, पाच दिवस. झाले ५० मिली. बाटली येते ३० मिलीची. ती तिसऱ्या दिवशी संपते, आणि बहुतेक सर्दीतला ताप साधारण तेव्हाच उतरतो, कारण तो विषाणूचा असतो आणि अँटिबायोटिक विषाणूचं काहीही वाकडं करू शकत नाही. पण श्रेय बाटलीला. बहुसंख्य जनता इथेच थांबते. जे कर्तव्यदक्ष असतात ते दुसरी बाटली आणतात, फोडतात, त्यात पाणी घालतात, दीड दिवस देतात आणि पोरगं सोफ्यावरून उड्या मारायला लागलं की बंद करतात. उरले १५ मिली. ते फ्रिजच्या दारात. म्हणजे औषध किती दिवस घ्यायचं हे आपल्याकडे बाटली भरणारा कारखाना ठरवतो. उद्या त्यानं २० मिलीच्या बाटल्या काढल्या तर महाराष्ट्रातली पोरं दोन दिवसांत बरी होऊ लागतील.

बरं, ही बाटली शिळी होत नाही, असा समज. लेबलावर तारीख पुढच्या वर्षाची असते ना! ती तारीख आतल्या कोरड्या पावडरीची. उकळून गार केलेलं पाणी बाणापर्यंत घालून हलवलं की अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्युलेनिक आम्लाच्या त्या औषधाचं आयुष्य फ्रिजमध्ये सात दिवस. हेही लेबलावर असतं, मुंगीनं मुंगीसाठी लिहावं तशा अक्षरात. डी विंगच्या बाटलीनं गणपती पाहिले होते, दिवाळी पाहिली होती, आणि संक्रांतीला ती विहानच्या पोटात गेली. ती ज्या मुलीसाठी आणली होती तिचं वजन १९ किलो, विहानचं ११. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. पण दोघांची सोसायटी एकच, तेव्हा डोसही एकच.

या घरात डोस कशाशी खातात हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती आहे. विहानची आजी. विहान तान्हा असताना ती सहाणेवर गुटी उगाळायची तेव्हा हिरड्याचे वळसे किती, मुरडशेंगेचे किती, हे बाळाच्या महिन्यांवर ठरायचं. मोजताना कुणी मधे बोललं तर सहाण धुऊन पुन्हा सुरुवात. त्यावर सूनबाई म्हणायच्या, ‘आई, याला सायंटिफिक बेस नाही.’ आता आजींची आरती ओवाळायचं कारण नाही. गुटीतल्या वेखंडात बीटा-अ‍ॅसॅरोन असतं, त्यानं प्रयोगशाळेतल्या उंदरांना गाठी झाल्या, आणि अमेरिकेनं १९६८ मध्येच वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे कुणी सांगितलं? पण आजींना हे नीट समजावलं असतं तर त्यांनी वेखंड बाजूला तरी ठेवलं असतं. आणि त्यांचा अडुळसा हसून कुंडीबाहेर काढणाऱ्यांनी खोकल्याची जी बाटली आणली, तिच्यातलं ब्रोम्हेक्सिन मुळात अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलेलं.

मग संशोधक काय करतात? फार्मसी कॉलेजात प्रबंध लिहितात. आवारातल्या झाडाची पानं तोडायची, अर्क काढायचा, काचेच्या ताटलीत जिवाणू वाढवायचे, अर्कात बुडवलेली कागदाची चकती मधे ठेवायची आणि भोवती जिवाणू मेल्याचं कडं पडलं की ते पट्टीनं मोजायचं. इतके मिलिमीटर. शाब्बास. व्हिनेगरमध्ये बुडवली तरी कडं पडतं. पहिली पायरी म्हणून ठीक आहे, पण आपल्याकडे जिन्याला तेवढीच पायरी असते. त्या ताटलीला रात्री दोनला खोकला येत नाही, तिला यकृत नसतं, जुलाब होत नाहीत. मुलांवर नीट चाचणी घ्यायची तर वर्षं जातात, पैसा जातो आणि ‘उपयोग नाही’ असं उत्तर यायची भीती. त्यापेक्षा कडं बरं. तेच कडं ‘तुळस अँटिबायोटिकपेक्षा सरस’ होऊन ग्रुपवर येतं आणि विहानला दोन्ही मिळतं.

सूनबाईंना हसू नका मात्र. सर्दी हटायला सात ते दहा दिवस लागतात, खोकला त्याहून रेंगाळतो, आणि पोराचं नाक वाहतंय म्हणून एकही दिवस रजा न देणारा साहेब स्वतःच्या केबिनमध्ये योग दिन साजरा करतो. पाळणाघराच्या दारात विचारतात, ‘औषध सुरू केलंय ना?’ हो म्हटलं की प्रवेश. कुठलं, कशासाठी, किती, काही नाही. डॉक्टरनं ‘काही देऊ नका, पाणी पाजा, वाट पाहा’ असं सांगितलं तर तो डॉक्टर बदलायचा, कारण वाट पाहायची कुणाच्या पगारावर? दीड वर्षाच्या पोराला आपण अँटिबायोटिक पाजतो ते साहेबाला बरं वाटावं म्हणून, आणि त्या पोराला पुढे खरा न्यूमोनिया झाला, तेव्हा हे औषध चाललं नाही, तर हा साहेब इस्पितळाच्या बाकावर येऊन बसणार आहे का?

कायदा आहे, नाही असं नाही. सेफिक्सीमसारखी अँटिबायोटिकं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची, असा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मी ती वही पाहायला मागितली. आहे. प्लास्टिकचं कव्हर आहे, पहिल्या पानावर ‘श्री’ आहे. आत तो उधारी लिहितो, आणि ती मात्र तीन वर्षांच्याही आधीपासूनची, रुपया न रुपया, जपलेली आहे.