प्रेमात मध्यस्थ नसतो

आमच्याकडे मुलीचं लग्न लांबलं की तिच्या हातात ‘रुक्मिणीस्वयंवर’ ठेवतात. एकनाथमहाराजांचं, 18 प्रसंगांचं. नेमाने वाचलं की मनासारखं स्थळ येतं म्हणतात. आता या पोथीत आहे काय? भावाने शिशुपालाशी ठरवलेलं लग्न रुक्मिणीला पसंत नाही. ती एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र धाडते, देवदर्शनाचं निमित्त करून बाहेर पडते आणि कृष्णाच्या रथात बसून चालती होते. भाऊ पाठलाग करतो, तर कृष्ण त्याची दाढीमिशी अर्धवट भादरून त्याला सोडून देतो. म्हणजे पळून जाण्याची कथा मुलीने सोवळ्यात वाचायची, ती कशासाठी, तर तिच्यावर पळून जायची वेळ येऊ नये म्हणून!

नाटकाचंही तेच. ‘संगीत सौभद्र’ 1882 साली रंगभूमीवर आलं. बलरामदादांनी सुभद्रा दुर्योधनाला देऊ केलेली, आणि धाकटे बंधू तिला अर्जुनाबरोबर पळवून लावायच्या खटपटीत. या कौटुंबिक कटाला आपण तेव्हापासून वन्समोर देतोय. माझे आजोबा रात्री ‘सौभद्र’ बघून गुणगुणत घरी यायचे आणि सकाळी आत्याला खिडकीत का उभी राहिलीस म्हणून ओरडायचे.

तेव्हा प्रेमाचं आपल्याला वावडं आहे असं नाही. ते पोथीत चालतं, नाटकात चालतं, शेजारच्या घरात तर फारच चालतं. स्वतःवर आलं की मात्र पाय लटपटतात.

याचं कारण विचारलं की लोक जात, समाज, आईवडील अशी यादी वाचतात. ती यादी खोटी नाही. ‘सैराट’ 2016 साली आला तेव्हा शेवट बघून थिएटरात बसलेले लोक उठायचं विसरले होते, ते काही कथा अशक्य वाटली म्हणून नव्हे. जिथे प्रेमापायी जीव जातो तिथली भीती हा शहाणपणा असतो, आणि तिच्यावर विनोद करण्याची माझी प्राज्ञा नाही. मला नवल वाटतं ते आमच्या घरच्यांचं. आम्हाला कुणीच अडवत नाही, तरी आम्ही घाबरतो.

उदाहरणार्थ माझी भाची. हिंजवडीत नोकरी, एकटी लडाखला जाऊन आलेली, पालीला झाडूशिवाय हाकलणारी. ताईने तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते. ‘कुणी असेल तर सांग गं बाई, आम्ही काही म्हणणार नाही,’ असं ती दर रविवारी सांगायची. पूर्वी बंदी होती तेव्हा निदान बंड करायची सोय होती. परवानगी मिळाली आणि पोरीची पंचाईत झाली.

कारण ‘कुणी’ होता. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली, चहावर साय धरेपर्यंत बोललीच नाही. मग म्हणाली, “मामा, त्याने विचारलंय. मला हो म्हणायचंय. पण जाम भीती वाटते.”

“वीस वर्षांचं होम लोन घेतलंस, तेव्हा नाही वाटली?”

“त्यात प्रीपेमेंट करता येतं.”

“घरचे नाही म्हणतील असं वाटतं का?”

“नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं रे! सगळे हो म्हणतील. आणि उद्या काही बिनसलं तर म्हणतील, तुझं तूच केलंस ना?”

एवढ्या वाक्यात पोरीने विषय संपवला. माणूस प्रेमाला घाबरत नाही, तो बिनमध्यस्थाच्या कारभाराला घाबरतो.

ठरवून केलेल्या लग्नाची खरी ताकद इथे आहे. पत्रिका बघा. वर्णाचा 1 गुण, वश्याचे 2, ताऱ्याचे 3, असं चढत चढत नाडीचे 8, एकूण 36. अठरा जमले की पुढे बोलायचं. मुलाला घोरायची सवय आहे का, मुलीला पहाटे पाचला मिक्सर लावायची आवड आहे का, याला एकही गुण नाही. पण तो हिशोब संसार सुखाचा व्हावा म्हणून कुठे आहे? तो, संसार बिघडला तर बोट दाखवायला कागद हवा म्हणून आहे. गुरुजी म्हणाले होते, आत्याने स्थळ आणलं होतं, वधुवर सूचक मंडळाने उंची दोन इंच वाढवून लिहिली होती. दोष वाटून घ्यायला अख्खी पंगत बसलेली असते.

आमचंच घ्या. आमचं लग्न एका काकांनी जमवलं. मुलगा निर्व्यसनी आहे असं त्यांनी हिच्या वडिलांना सांगितलं आणि मुलगी मितभाषी आहे असं माझ्या आईला. त्यानंतरचं आमचं प्रत्येक भांडण कितीही पेटलं तरी शेवटी काकांवर जाऊन विझायचं. “काकांना एवढंही दिसलं नाही?” असं ही म्हणायची, मी म्हणायचो, “नाहीतर काय!” आणि आमचं एकमत व्हायचं. काका गेले तेव्हा आम्ही दोघं मनापासून रडलो. नातेवाइकांना वाटलं, किती माया. माया होतीच, पण आता नाव कुणाचं घ्यायचं हाही प्रश्न होता.

वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचा प्रेमविवाह. त्यांचं भांडण ऐकू आलं की जीव तुटतो. मध्ये ना काका, ना पत्रिका. “तूच मागे लागला होतास” आणि “तूच हो म्हणाली होतीस” या दोन वाक्यांपलीकडे बिचाऱ्यांकडे दारूगोळाच नाही.

तर मी भाचीला म्हणालो, “नाव घ्यायला कुणी हवं ना? माझं घे. मामाने सांगितलं म्हणून केलं असं खुशाल सांग.”

“खरंच चालेल?”

“मामा असतात कशाला?”

तिने थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि चप्पल घालता घालताच फोन लावला.

दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं. 1954चा विशेष विवाह कायदा. यात आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि कुणाची हरकत असेल तर यावी म्हणून 30 दिवस थांबतात. कायद्यालाही आपली नातेवाईकमंडळी चांगली ठाऊक दिसतात. मी नोटीस बघायला गेलो तर फळ्यासमोर एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून, काचेला नाक लावून आडनावं वाचत उभे. मला वाटलं, यांच्या घरचं काही असेल. तर तसं काही नव्हतं. शेजारच्या खिडकीत त्यांचं दस्ताचं काम होतं, वेळ जात नव्हता. भाचीच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “ही आपल्यातली वाटते. पण हा मुलगा कुठला?” मी म्हणालो, “चांगला आहे हो, मीच सुचवलाय.” माझी पहिली जोखीम तिथेच सुरू झाली.

साक्षीदार तीन लागतात. त्यातला एक अर्थात मी. आमच्या लग्नात मला फारसं काही बोलावंच लागलं नव्हतं. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे ही, आणि बोंबलणारे भलतेच. मंगलाष्टकं आत्याने म्हटली, ‘सावधान’ गुरुजी म्हणाले, अक्षता गावाने टाकल्या. या पद्धतीत मात्र मी तुझा पती म्हणून स्वीकार करते, हे अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं आणि खाली सही करावी लागते. मुलाचा आवाज पहिल्या शब्दालाच फाटला. भाचीने सही करताना पेन असं दाबलं की खालच्या कागदावर वळ उठला. मी मात्र फटकन सही केली. दुसऱ्याच्या प्रेमाला माणूस कधीच घाबरत नाही.

महिन्याभरात भाचीचा फोन आला. टॉवेल ओला गादीवर टाकतो, सांगितलं तर ऐकत नाही, आणि हे सगळं तुझ्यामुळे. मी शांतपणे ऐकून घेतलं, कबूलही केलं. फोन ठेवतो तोच दुसरा वाजला. जावईबापू. आवाज अगदी नम्र.

“मामा, एक विचारायचं होतं. तुमचं नाव मीही घेतलं तर चालेल का?”