एक डोळा सायकलवर

सायकल चोरीला जाण्याची खरी वेळ रात्रीची नसते, आपण चहा पीत असतो ती असते. रात्री ती जिन्याखाली साखळीत जखडलेली असते. रविवारी सकाळी मात्र खडकवासला मागे टाकून सिंहगडाच्या पायथ्याशी पोचलेला माणूस घामाने निथळत उभा असतो, आणि कुलूप घरी खुंटीवर. कारण वजन! दोनशे ग्रॅमने हलकं सीट मिळावं म्हणून भरमसाट पैसे मोजणारा गडी दीड किलोचं कुलूप घाटात कशाला चढवेल?

जुन्या सायकलीला मागच्या चाकाशी गोल कुलूप कायमचंच बसवलेलं असे. खट्‌कन दाबलं, किल्ली खिशात. चोराने उचलून न्यायची म्हटली, तरी ते लोखंडी धूड खांद्यावर घेऊन गल्लीतून जाणं म्हणजे स्वतःचीच वरात काढणं. आताची कार्बनची सायकल कुणीही एका हाताने उचलावी. वर पुढचं चाक एका खटक्यात निघतं. ही क्विक रिलीजची सोय इटलीच्या टुलिओ कॅम्पान्योलोंनी शर्यतवाल्यांसाठी रूढ केली. चोरांनीही त्यांचे आभार मानले असतील.

मग तोडगे निघतात. उतरताना सगळ्यात जड गिअर टाकून ठेवायचा, म्हणजे चोर पहिल्याच पॅडलला अडखळावा. हेल्मेटचा पट्टा स्पोकमधून ओवायचा. चार आकड्यांची बारीक केबल आणलीच, तर मालक शेवटचा एकच आकडा हलवतो. उघडताना त्रास नको. चोरालाही नको. जाडजूड यू-लॉकचा तरी काय भरवसा? २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट या नामांकित कंपनीची काही कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात असं निघालं, आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. लेखणीच्या ताकदीवर भाषणं पुष्कळ ऐकली. प्रात्यक्षिक तेवढं एकच.

डी सिकाच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ज’ या सिनेमात नायक अंतोनिओ शिडीवर चढून पोस्टर चिकटवत असतो, तेवढ्यात त्याची सायकल जाते. पाठ फिरली की संपलं! म्हणून आमची टोळी सायकली एकमेकींत अडकवून भिंतीला टेकवते आणि त्यांच्याकडे तोंड करून बसते. गड पाठीमागे. डोंगर बघायला भल्या पहाटे उठून आलेली माणसं हँडलं बघत कांदाभजी खातात.

एकटं असलं की टपरीवरच्या मावशींना विनवायचं, “मावशी, जरा लक्ष ठेवा हं.”

मावशींनी कढईतला झारा न थांबवता सायकल खालीवर न्याहाळली. “कोण नेतंय तिला? कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्डसुद्धा नाही. कितीला पडली?”

खरी किंमत चारचौघांत सांगायची नसते. “आठ हजार,” मी म्हणालो.

“फसवलं की हो तुम्हाला! माझ्या भाच्याने सहात घेतली. घंटीसकट.”