मार्क नसलेला विषय

२०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर आपल्या देशातल्या पोरांची झुंबड उडाली. असंख्य वेबसाइट या एक्सप्रेसच्या जोरावर चालतात. पोरांनी काय केलं? रीडमी फाइल उघडली, तिच्यात स्वतःचं नाव टाकलं आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, धाडली. गिटहब शिकवणाऱ्या एका व्हिडिओत तसं दाखवलं होतं. तो कचरा उपसत बसले ते प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर, बहुतेक बिनपगारी.

२०२०च्या ऑक्टोबरातही हेच झालं होतं. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उत्सवात चार पुल रिक्वेस्ट दिल्या की टी-शर्ट मिळायचा. मग काय, स्वल्पविराम हलवला, ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असं लिहिलं, की झालं योगदान! शेवटी आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला. प्रकल्पाने आधी होकार दिला असेल, तरच तिथलं योगदान धरायचं.

पोरांना झोडपणं सोपं आहे. त्यांना हे शिकवलं कोणी?

‘रेझ्युमेत ओपन सोर्स दिसलं पाहिजे’ असं सांगणारे आपणच. लातूरच्या ट्युशन एरियात काय, नांदेडच्या क्लासेसमध्ये काय, एकच गणित घोटून घेतलं जातं. प्रश्न दुसऱ्याने काढायचा, उत्तर आपण द्यायचं, मार्क मोजायचे. ओपन सोर्समध्ये प्रश्न स्वतः शोधावा लागतो. आपली मेरिटची पोरं अडतात ती इथेच.

मेहनतीत ती कुठेच कमी नाहीत.

दुसरं दुखणं गिऱ्हाइकाचं. ‘वर्डप्रेस फुकट आहे ना, मग पैसे कसले मागता?’ हा प्रश्न ऐकला नाही असा वेब डेव्हलपर नांदेड-लातुरात शोधून सापडायचा नाही. जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी साधारण दोन वर्डप्रेसवर आहेत. २००३पासून ते जीपीएल परवान्याखाली मिळतं. वापरा, बदला, वाटा. परवाना एवढं स्वातंत्र्य देतो. बॅकअप घ्यायला आणि अपडेट मारायला मात्र माणूसच लागतो, आणि माणसाला पोट असतं.

पैसे वाचवायला मग ही गिऱ्हाइकं विकतच्या थीमची ‘नल्ड’, म्हणजे कुलूप तोडलेली, प्रत टाकतात. अशा प्रतीत कोणीतरी चोरवाट ठेवलेली असू शकते, हे सांगूनही पटत नाही. काही महिन्यांनी भांड्यांच्या दुकानाच्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकतात. शिव्या कोणाला? ओपन सोर्सला!

२२ मार्च २०१६ला ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर विसंबलेल्या जगभरच्या प्रकल्पांचे बिल्ड धडाधड कोसळले. तीन आठवड्यांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दुष्काळी लातूरला पोचली. बोअर पाडणारे गल्लोगल्ली, पुनर्भरण करणारे बोटांवर मोजण्याएवढे. सॉफ्टवेअरचं वेगळं काय चाललंय?

उपसा सगळ्यांचा. पुनर्भरण कोण करतं?

एखादा दमलेला माणूस. फाइल दाबून लहान करणारं एक्सझेड हे अवजार वर्षानुवर्षं लासे कोलिन जवळपास एकहाती सांभाळत होते. आपली ओढाताण होतेय, हे त्यांनी जाहीरपणे लिहिलंही होतं. मदतीच्या निमित्ताने ‘जिया टॅन’ हे नाव घेऊन कोणीतरी आत शिरलं, दोन वर्षं इमानेइतबारे काम केलं, विश्वास कमावला आणि २०२४मध्ये लिनक्सच्या पायाखाली सुरुंग पेरला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून बिंग फुटलं. अर्ध्या सेकंदाने जगभरचे सर्व्हर वाचले. दर वेळी कोणाला तरी खटकेलच, याची हमी कोण देणार?

‘आपण लातुरात बसून काय करणार?’ ही सबब आता पुरे.

कोणतंही मराठी संकेतस्थळ उघडा आणि त्याचा सोर्स बघा. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषेसाठी एक लँग अ‍ॅट्रिब्यूट असतं. मजकूर मराठी असूनही तिथे पुष्कळदा ‘ईएन’ सापडेल. नोटो सान्स देवनागरीसारख्या खुल्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श वेगळे कोरलेले आहेत, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगितलं तरच ते उमटतात. ‘ईएन’ खोडून ‘एमआर’ लिहायचं. दोन अक्षरांचं काम. कोणी केलं?

आता आडनावांची यादी लावून बघा. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे काळे यायला हवेत कावळ्यांच्या मागे. संगणक युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे क्रम लावतो, म्हणून काळे पुढे घुसतात. मराठीचा क्रम युनिकोडच्या सीएलडीआर या खुल्या साठ्यात नोंदलेला आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये तो एका ओळीत मागवता येतो. ज्या ज्या लायब्ररीत ती ओळ नाही, तिथे तिथे आपल्या पोरांसाठी एक खरीखुरी पुल रिक्वेस्ट वाट बघतेय.

ळ कुठे बसवायचा, हे कॅलिफोर्नियातल्या मेंटेनरने ठरवायचं का?

इंग्रजी आडवं येतं म्हणता? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सपासून पीएचपीपर्यंतचे धडे मराठीत आहेत. आपल्याकडे असलं काही उभं राहत नाही म्हणता? ईआरपीनेक्स्ट ही धंद्याच्या हिशेबाची अख्खी व्यवस्था मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बांधली आणि जीपीएलखाली जगाला खुली केली. आता तिसरी सबब सांगा.

पुण्याची रात्रीची ट्रॅव्हल्स पकडल्याशिवाय करिअर होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की चांगला पॅच कुठल्या गावातून आला हे मेंटेनर विचारत नाही. तो चालतो का, एवढंच बघतो.

तेव्हा कॉलेजांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ती ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ आता बास करा. व्हायवाच्या दुसऱ्या दिवशी ती कोणी उघडतं का? त्यापेक्षा चालू असलेला एक खुला प्रकल्प पोरांच्या हाती द्या, वर्षभर सांभाळायला लावा आणि त्याचे मार्क द्या. नांदेडच्या विष्णुपुरीची एसजीजीएस ही अभियांत्रिकी संस्था स्वायत्त आहे. असा नियम करायला तिला मुंबईच्या पत्राची वाट बघावी लागणार नाही.

व्हायवात प्रश्न एकच विचारा. स्वतः शोधलेली कोणती चूक तू दुरुस्त केलीस आणि ती दुरुस्ती मागे लागून स्वीकारायला लावलीस?

उत्तर आलं नाही तर पोराचे मार्क कापू नका. त्याच्या गाइडचे कापा.