मागे सरका!

वेळापत्रकं आखण्यात ज्याची तेहतीस वर्षं गेली, त्या माणसाला अमेरिकेत काय दाखवावं, हा माझ्या लेकीपुढचा प्रश्न होता. नायगारा दाखवून झाला. मान दुखेपर्यंत उंच इमारती बघून झाल्या. मी प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणायचो आणि घड्याळ बघायचो. मग एका सोमवारी सकाळी सहज म्हणून तिच्याबरोबर विद्यापीठाच्या बसथांब्यापर्यंत गेलो आणि तिथेच रमलो. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी त्याच थांब्यावर होतो. फरक इतकाच, की आता हातात वही होती.

"अहो, इतक्या लांब येऊन बसथांब्यावरच उभं राहायचं होतं, तर कुर्ला स्टेशनचा काय वाईट होता?" बायको म्हणाली.

वाईट नव्हता. पण तिथे मी बेस्टच्या, म्हणजे मुंबईच्या बससेवेच्या, ड्युटीवर असायचो.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही, लेकीची पीएच.डी. अजून व्हायची आहे. एवढंच सांगतो, की चहूबाजूंनी मक्याची शेतं, मध्ये हे आवार, आणि आवार असं ऐसपैस, की एका टोकाला गोठ्यातल्या गायी हंबरतात आणि दुसऱ्या टोकाला पियानो वाजतो. या दोन टोकांमध्ये दिवसभर बस धावते. फुकट. म्हणजे पैसे फीमध्ये आधीच कापलेले असतात, पण चढताना खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून सगळे तिला फुकट म्हणतात. आणि फुकट असल्यामुळे दोन थांब्यांसाठीही चढतात. चालत गेलं तर नऊ मिनिटं लागतात, तिथे बसची बारा मिनिटं वाट बघणारी धट्टीकट्टी पोरं मी मोजली आहेत. थंडी मी म्हणत असते, त्यामुळे त्यांना फार बोलवतही नाही.

खरी गंमत दर तासाच्या पन्नासाव्या मिनिटाला. नऊ पन्नासला तास सुटतो, दहाला पुढचा सुरू. मधल्या दहा मिनिटांत अख्खं आवार जागा बदलतं. मुंबईत गर्दी कशी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात माणूस डबा खातो. इथे दर तासाला दादर. आणि दादरला निदान रांग असते! आमच्या लोकांना काय नावं ठेवायची ती ठेवा, पण बसच्या थांब्यावर मुंबईकर रांग लावतो. इथे रांग नसते, ढग असतो. पोरं आजूबाजूच्या इमारतींच्या दारांत उबेला उभी असतात. मोबाइलच्या नकाशावर बसचा रंगीत मणी जवळ सरकताना दिसला, की चारी बाजूंनी बाहेर येऊन दारापाशी दाटतात. रस्त्याकडे कोणीच बघत नाही. एकदा बस समोर येऊन उभी होती आणि एक मुलगा मोबाइलवर बघून मैत्रिणीला सांगत होता, अजून दोन मिनिटं आहेत.

पहिल्या दिवशी जे पाहिलं ते तर मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. वेळापत्रकाप्रमाणे दर दहा मिनिटांनी गाडी. नऊ छत्तीसला एक गेली. नंतर नऊ सेहेचाळीस नाही, पन्नास नाही. नऊ चोपन्नला आली ती दारापर्यंत ठासून. तिच्यामागे दोनच मिनिटांनी दुसरी, तिच्यात सहा टाळकी. ढग सगळा पहिल्या गाडीत घुसला. मी मागच्या गाडीत चढलो आणि संस्थानिकासारखा खिडकीशी जाऊन बसलो. पुढच्या गाडीच्या काचेला गाल लागलेली पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी वशिल्यानं बसलोय.

यात ड्रायव्हरचा दोष नसतो, हे लोकांना पटवता पटवता माझे केस गेले. गाडीला एक सिग्नल लागतो, दोन मिनिटं उशीर होतो. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमतात. ती चढायला वेळ लागतो, मग आणखी उशीर, मग आणखी माणसं. ज्याच्या घरी आधीच पाहुणे, त्याच्याच दारात पुन्हा टांगा थांबावा, तशातली गत. मागच्या गाडीला मात्र थांबे झाडून मिळतात, म्हणून ती भरभर येऊन पुढच्या गाडीच्या शेपटीला लागते. एकदा जोडी जमली की आपणहून मोडत नाही. न्यूएल आणि पॉट्स या दोन अभ्यासकांनी हे सगळं गणितात मांडलं ते १९६४ साली. त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली. म्हणजे आमच्या शहरातल्या ट्रामचा सगळा भार बसवर आला, त्याच सुमाराला बस अशा का वागतात याचा कागद तयार होता. तो आमच्या टेबलापर्यंत कधी आला नाही. आला असता तरी त्यावर आम्ही डबाच उघडला असता.

आठवडाभरानं सांगलीचा एक मुलगा थांब्यावर भेटला. एम.एस. करतो. माझी टोपी बघून त्यानं ओळखलं असावं.

"काका, तुम्ही रोज काय लिहिता हो इथे?"

वही दाखवली. वेळ, गाडीचा नंबर, किती चढले, किती राहिले. तो बराच वेळ पानं उलटत होता. "म्हणजे बस कमी नाहीयेत?" कमी असतीलही, मी म्हटलं, पण आहेत त्या आधी वेगवेगळ्या येऊ देत. चार नव्या गाड्या घेतल्या तर आत्ता दोघी हातात हात घालून येतात, त्या चौघी येतील.

त्याला ते पटलं, पण त्याचं दुःख वेगळं होतं. विद्यार्थ्यांनी तक्रार केली, की बसवाल्या ऑफिसकडून उत्तर येतं, गाड्या सरासरी अर्ध्याच भरतात. "सरळसरळ खोटं बोलतात, काका."

खोटं नाही, हे मला लेकीनं त्या रात्री पोळ्या लाटता लाटता समजावलं. ती संख्याशास्त्रवाली. पिठात बोटानं रेघा ओढून म्हणाली, "बाबा, मिनिटाला तीन पोरं थांब्यावर येतात असं धरा. वीस मिनिटांत साठ. एक गाडी अठरा मिनिटांनी आली, दुसरी तिच्यामागून दोन मिनिटांनी. पहिलीत किती?" चोपन्न. "दुसरीत?" सहा. "ऑफिस गाड्या मोजतं, त्याची सरासरी तीस. पण पोरांना विचारा. साठातली चोपन्न सांगतील की गाडी खच्चून भरली होती. रिकामी गाडी बघायला तिच्यात असतं कोण?" आणि वाट बघण्याचंही तसंच. दर दहा मिनिटांनी नीट गाडी आली तर माणूस सरासरी पाच मिनिटं थांबतो. अशी जोडीनं आली तर आठ मिनिटांच्या वर. गाड्या तितक्याच, डिझेल तितकंच. मी लाटणं हातात घेऊन उभाच राहिलो. तेहतीस वर्षं पत्रं लिहिणाऱ्या प्रवाशांना मी मनातल्या मनात अतिशयोक्तीचं प्रमाणपत्र देत होतो. ते सगळे पहिल्या गाडीतले होते तर!

पण मर्मावर घाव बसला तो पुढे. लेकीनं मला अटलांटाचा एक प्रयोग वाचून दाखवला. तिथल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसमार्गावर बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन या दोन प्राध्यापकांनी केलेला, २०१२ साली छापून आलेला. त्यांची युक्ती अशी, की वेळापत्रक काढूनच टाका. गाडी शेवटच्या थांब्याला आली की मागची गाडी किती लांब आहे ते बघायचं. लांब असेल तर जास्त थांबायचं, शेपटीलाच असेल तर लगेच निघायचं. एवढं एकच पाळलं की गाड्यांमधली अंतरं आपोआप सारखी होत जातात. ना घड्याळ, ना तक्ता.

मला त्या रात्री झोप लागली नाही. वेळापत्रक काढून टाका! म्हणजे माझी रंगीत पेन्सिलींची पेटी, ते मोठे चौकटीचे कागद, पावसाळ्याचं वेगळं टायमिंग, गणपतीचं वेगळं, सगळं काढून टाका. कूस बदलता बदलता मला आमचा एक स्टार्टर, म्हणजे गाड्या सोडणारा माणूस, आठवला. चौकीवर बसायचा, कागदाकडे ढुंकून बघायचा नाही. नाक्यावरून येणाऱ्या पोरांना विचारायचा, मागची गाडी कुठे दिसली रे? मग ड्रायव्हरला म्हणायचा, "जा, कटिंग मारून ये." कधी म्हणायचा, "चहा राहू दे, सूट." मागची गाडी जितकी लांब, तितका चहा मोठा. मी त्याच्या वहीत तांबड्या शाईनं शेरा मारला होता, 'वेळापत्रक काटेकोरपणे पाळावे.' अटलांटाच्या प्रयोगातल्या दोघांनी जे समीकरणात बसवलं, ते तो चहाच्या ग्लासात मोजत होता आणि मी त्याला समज देत होतो. तो आता गावी असतो म्हणे. पत्ता मिळाला तर पत्र लिहीन, तांबडी शाई सोडून.

मग मी विद्यापीठाच्या ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं. टोकाच्या थांब्यावर गाड्या अंतर बघून सोडा. निम्म्या इमारतींचे तास पन्नासाला सोडा, निम्म्यांचे पाच मिनिटांनी, म्हणजे दादरचं निदान दादर आणि परळ होईल. उत्तर तासाभरात आलं. माझ्या मताबद्दल त्यांना फार आदर होता. खाली एक प्रश्नावली होती, या उत्तरानं तुमचं किती समाधान झालं? पाचपैकी तारे द्या. तासांच्या वेळेचा विषय लेकीनं तिच्या प्राध्यापकांजवळ काढला, तर ते म्हणाले, बसच्या सोयीसाठी विद्यापीठ हलवायचं का? हे मी मुंबईत ऑफिसांच्या बाबतीत इतक्यांदा ऐकलंय, की मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं.

बसवर ड्रायव्हर म्हणून बरेचदा विद्यार्थीच असतात. एक मुलगी, बाविशीची असेल, ती चाळीस फुटी गाडी वळणावरून अशी काढायची, की आमच्या डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांनी पानाचा विडा दिला असता. तिनंच सांगितलं, की कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी १९६८ साली लंडनच्या दोन जुन्या डबलडेकर आणून बससेवा सुरू केली, आणि ती अजून विद्यार्थीच चालवतात. डबलडेकर म्हटल्यावर माझा घसा दाटला. मुंबईत त्या १९३७ पासून होत्या. जुन्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला हार घालून निघाली, तेव्हा मी फुटपाथवर उभा होतो. आता वातानुकूलित विजेच्या आल्या आहेत, चांगल्या आहेत, पण वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत वारा लागत नाही. असो. विषय तो नाही.

विषय दाराचा आहे. जोडीचं कोडं सुटायचं तेव्हा सुटेल, पण या गाड्यांमध्ये अर्धी गर्दी नुसती दाराशी असते. पोरं चढतात आणि तिथेच रुजतात. पाठीवर दप्तर, म्हणजे एकाच्या जागेत दीड. मागचा भाग मोकळा, आणि बाहेर वीस पोरं कुडकुडतायत. ड्रायव्हर बिचारी काचेत बघते, हळूच काही पुटपुटते. इथे कंडक्टर नाही. कोणी कोणाला 'सरक' म्हणत नाही, ते असभ्य दिसतं. आमचा कंडक्टर गाडी शिगोशीग भरलेली असतानाही ओरडायचा, "पुढे चला, पुढे चला, आत क्रिकेट खेळता येईल!" सगळ्यांना माहीत असायचं की खेळता येणार नाही. तरी चार इंच सरकायचे. चार इंच गुणिले साठ माणसं, हा हिशेब कुठल्या कागदात नसतो.

एक दिवस राहवलं नाही. मी इंग्रजीत मोठ्यानं "मूव्ह बॅक प्लीज" म्हटलं. दोन जणांनी वळून पाहिलं आणि 'सॉरी' म्हणून जागच्या जागी उभे राहिले. तेव्हा लक्षात आलं, माझ्या इंग्रजीत कंडक्टर नाही. शिवाय दिशाही उलटी. आमच्या वेळी गाडीत मागून चढायचे, म्हणून 'पुढे सरका'. इथे पुढून चढायचं, म्हणून 'मागे सरका'. जन्मभर ज्या जनतेला पुढे चला म्हणालो, तिला मागे जा कसं सांगायचं?

परतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. बर्फ पडत होतं. नऊ पन्नासचा ढग. गाडी आली, तीच मुलगी स्टिअरिंगवर. मी आणि सांगलीचा मुलगा कसेबसे आत शिरलो. नेहमीप्रमाणे दार तुंबलेलं, मागे मोकळं मैदान, खाली पंधरा-वीस जण. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून सांगलीचा आवाज आला, खड्या स्वरात, शुद्ध मराठीत, "ए, मागे सरका की रे! मागे सरका!"

अख्खी गाडी सरकली. मराठी कोणालाच येत नव्हती. आठ जण चढले, मग आणखी तीन. मी मोजले. दार लागलं. मुलीनं आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि तशीच थांबून राहिली, काहीतरी व्हायचं बाकी असल्यासारखी. मी बोटातल्या अंगठीनं लोखंडी दांडीवर दोनदा वाजवलं. टिंग टिंग. गाडी हलली.

वळणावर मी मागच्या काचेतून पाहिलं. दुसरी गाडी थांब्यावर येऊन उभी होती. रिकामी.