सातवा ककार अभ्यासक्रमात घ्यावा, ही विनंती

प्रति,
मा. सदस्य, पत्रकारितेचा अभ्यासक्रम ठरवणारे मंडळ,
आमचे राज्य विद्यापीठ, अमरावती.

विषय : पदवीधर पत्रकारांना बुलढाणा जिल्ह्यात कामाला लावणेबाबत.

महोदय,

मी घाटाखालचा एक तालुका प्रतिनिधी. निकाल लागला की आपले विद्यार्थी पेढे घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "भाऊ, आपल्या पेपरात जागा आहे का?" जागा आहे. जागा बारमाही असते, पगार नसतो. हे समजावण्यात माझा सकाळचा गठ्ठे वाटायचा वेळ जातो (एजन्सीही माझ्याकडेच आहे), म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पोरांना उलटा पिरॅमिड काढता येतो. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, हे ती झोपेतही सांगतील. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहाही ककार तोंडपाठ. पण ज्याच्यावर तालुक्याचे वार्तांकन चालते, तो सातवा ककार कुठल्याच सत्रात दिसत नाही : किती?

भाऊसाहेबांचा वाढदिवस आहे, पुरवणीला किती देणार? पाव पान की अर्धे? रंगीत की साधे? वर्धापन दिन, १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारी, प्रत्येकाचे टार्गेट वरून येते. मानधन मोबाइलच्या रिचार्जला पुरते. घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर. तेही बिल वसूल झाले तर. नाही झाले, तर ते माझ्या नावावर थकीत दिसते आणि अंकाच्या डिपॉझिटमधून वळते होते. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याच ओट्यावर महिनाअखेर चहा पीत बसायचे. हे कौशल्य विद्यार्थ्याला पदवीनंतर स्वतःच्या खर्चाने शिकावे लागते, हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एक नमुना प्रश्न सुचवतो. 'गावच्या रस्त्याचे डांबर पहिल्याच पावसात वाहून गेले. ठेकेदाराने स्वातंत्र्यदिनाच्या पुरवणीत अर्धे पान शुभेच्छा दिल्या आहेत. बिल बाकी आहे. बातमी लिहा.' ठेकेदाराचे नाव लिहिणारा नापास. 'रस्त्याची दुरवस्था, नागरिक त्रस्त, संबंधितांनी लक्ष देण्याची मागणी' एवढे लिहील तो प्रथम श्रेणीत. आमच्या जिल्ह्यात सर्वांत जास्त गुन्हे या 'संबंधितां'च्या नावावर आहेत, आणि त्यांना आजवर कोणी पाहिलेले नाही.

मजिठिया वेतन आयोग आपण बहुधा कायद्याच्या पेपरात शिकवता. तो इतिहासात हलवावा. २०११ मध्ये अधिसूचना निघाली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि घाट उतरताना ती कुठे गळून पडली कोण जाणे. नेमणुकीआधी आमच्याकडून एका कागदावर सही घेतात : पत्रकारिता हा माझा मुख्य व्यवसाय नाही. पत्रकारितेची पदवी मिळवलेल्या मुलाने तीच पदवी जोडून या कागदावर सही करायची असते. दीक्षान्त समारंभातच ती उरकून घेतली तर पोरांची एक चक्कर वाचेल.

उगाच निराशेचा सूर नको. बातम्यांचा दुष्काळ या जिल्ह्यात कधीच नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, चार दिवसांत टक्कल. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर; आयसीएमआरचे पथक आले; पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. पाण्याचा अहवाल वाचता येणारा, गव्हाचे पोते कुठून निघून कुठे पोचले याचा माग काढणारा, टक्कल पडलेल्या पोरीचा फोटो छापावा की नाही याचा विचार करणारा माणूस तेव्हा हवा होता. आपण शिकवता ते सगळे त्या एका बातमीत लागत होते. पण मोठ्या वाहिन्यांच्या गाड्या दाखल झाल्या तेव्हा शिकलेल्या पोरांच्या वाट्याला आले ते गावाचा रस्ता दाखवणे. टक्कल टीव्हीवर दिसून झाल्यावर गाड्या परत गेल्या. गव्हाचा माग काढायचा तर महिनाभर फिरायला हवे, आणि त्या महिन्याचे पैसे कोणत्याच टार्गेटात बसत नव्हते.

बाकी वाटा आहेत. जिल्हा माहिती अधिकारी होता येते. तिथे आपली पदवी खरोखर मागतात, फक्त खुर्ची जिल्ह्याला एक. एखाद्या साहेबांचे रील कापता येतात. पगार वेळेवर, सातव्या ककाराची कटकट नाही. सर्वांत अभिमानाची वाट म्हणजे सेट-नेट काढून तासिका तत्त्वावर अध्यापक होणे आणि पुढच्या तुकडीला पत्रकारिता शिकवणे. विदर्भात हे शिक्षण नवे नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ सालीच पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. तेव्हापासून किती पिढ्या शिकल्या असतील! त्यांतले शिकवायला किती गेले, याचा हिशेब एखाद्या प्रबंधाला विषय म्हणून द्यावा.

एक भीत भीत विचारतो. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते गाडगेबाबा शाळेत शिकलेले नव्हते. पण कीर्तनात ते समोर बसलेल्यांना एकामागून एक प्रश्न टाकत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण का करता, हा प्रश्न ज्यांनी सण केला त्यांनाच. आमच्या पत्रकार परिषदेत प्रसिद्धिपत्रक आधी येते, मग नाश्ता. प्रश्नाची वेळ येईतो ताटल्या उचललेल्या असतात.

राहिला रोजगाराचा अंदाज. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचे भाकीत होते. पाऊस, कपाशी, तूर, पान-सुपारीवरून राजाची गादी. हवामान खात्याला मिळत नाही एवढी जागा आम्ही त्याला देतो. मंडळाने पुढल्या वर्षी विनंती करावी : घटाभोवतीच्या अठरा धान्यांत मूठभर पदवीधरही मांडावेत. पीक साधारण, भाव नाही, नासाडी बरीच, एवढे तर मी आजच लिहून देतो.

कळावे.

आपला,
तालुका प्रतिनिधी
(मुख्य व्यवसाय : अर्जात नमूद केल्याप्रमाणे, दुसरा)

ता. क. : जूनमध्ये आमची शैक्षणिक पुरवणी निघते. पत्रकारितेच्या प्रवेशाची जाहिरात अर्धे पान रंगीत दिल्यास वरील मजकूर छापून येणार नाही, याची काळजी मी घेईन. बिल मात्र आगाऊ द्यावे.